कार्ड कधी बदलायचं?



या वेळी रेसिपी राहू दे. आमच्या घरात सप्टेंबरपासून कागदी क्रिकेटची एक लीग चालली आहे आणि तिची हिशेबवही माझ्याकडे आली आहे. संध्याकाळी सूर्यास्ताआधी आमचं जेवण उरकतं, ओटा आवरला जातो, आणि बाकीच्या घरांत कुकरच्या शिट्ट्या वाजत असतात तेव्हा मी मोकळी असते. मुलांनी ते हेरलं. शिवाय आजी बी.कॉम. आहे, शिवाजी विद्यापीठाची, १९८१ सालची, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. संख्याशास्त्राचा पेपर तेव्हा मी पास होण्यापुरता केला होता. तो चव्वेचाळीस वर्षांनी असा उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

खेळ मूळचा इथला नव्हे. माझा भाचा न्यू जर्सीला असतो. मे महिन्यात तो मुलुंडला आला तेव्हा त्याने एक जुनी पेटी आणली. तिकडे बेसबॉलची कार्डं असतात. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, आणि त्यावर त्या खेळाडूच्या आदल्या वर्षीच्या कामगिरीवरून आकडे छापलेले. तीन फासे टाकायचे. पहिल्यावर १, २, ३ पडलं तर बॅट मारणाऱ्याचं कार्ड बघायचं, ४, ५, ६ पडलं तर चेंडू टाकणाऱ्याचं. मग उरलेल्या दोन फाशांची बेरीज करून कार्डावर त्या आकड्यासमोर काय लिहिलंय ते वाचायचं. स्ट्रॅट-ओ-मॅटिक नावाचा हा खेळ हॅल रिचमन या माणसाने १९६१ साली बाजारात आणला. तिकडे मोठमोठी माणसं आपापसात संघ वाटून घेऊन वर्षभर खेळतात आणि कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं यावर भांडतात.

बेसबॉल आमच्या मुलांना समजेना. त्यांनी दोन दिवसांत त्याचं क्रिकेट केलं. पहिला फासा काढून टाकला, दोनच ठेवले. घरातल्या जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर कार्डं कापली. एक फेक म्हणजे एक षटक. बिल्डिंगमधली सहा मुलं, सहा संघ, प्रत्येकाकडे अकरा कार्डं आणि चार राखीव. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे एका संघाचे दहा सामने आणि सगळे मिळून तीस. गोलंदाजांचा हिशेब त्यांनी वेगळा ठेवलाय, तो इथे सांगत बसत नाही.

मुलांनी वीस-वीस रुपये काढून बक्षीस ठेवायचं ठरवलं होतं. तेवढ्याला मी नाही म्हटलं. सप्तव्यसनांत पहिलं नाव जुगाराचं, आणि रक्कम लहान असल्याने त्याचं नाव बदलत नाही. पैसे लावून फोनवर संघ बनवायच्या खेळांवर तर २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेनेच कायदा करून बंदी आणली. आमच्या मंडळातल्या एका ताईंनी विचारलं, पण मुलांच्या हातात फासे तरी कशाला? पांडवांची कथा आपल्या हरिवंशपुराणातही आहे, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला कळतं. माझं मत असं, की जिथे पणाला काही लावलेलं नाही तिथे फासा हे गणिताचं साधन आहे. तुमचं मत वेगळं असू शकेल. बक्षीस म्हणून जिंकणाऱ्याला बेसनाचे लाडू ठरले.

आता मुद्द्याचं. लीग सुरू होऊन दोन सामने झाले आणि सगळी मुलं कार्डं बदलायला निघाली. माझा नातू बारा वर्षांचा. त्याच्या संघात स्मृती मंधाना होती. आमच्या सांगलीच्या माधवनगरात वाढलेली मुलगी, त्यामुळे माझा जीव तिच्यात. दोन्ही सामन्यांत स्मृतीचं कार्ड पहिल्या तीन फेकींत बाद झालं. नातू म्हणाला, "आजी, हे कार्ड पनवती आहे. बसवतो तिला."

मी म्हटलं, थांब, आधी कार्ड वाच. मुलांनी ठोकळमानाने आकडे भरले होते. स्मृतीच्या कार्डावर २, ३ किंवा १२ पडलं तरच बाद. दोन फाशांच्या छत्तीस शक्यता असतात. त्यात २ एकदा येतो, ३ दोनदा, १२ एकदा. म्हणजे छत्तीसात चार, नवात एक. नऊ षटकं म्हणजे चोपन्न चेंडू. शंभर चेंडूंत ८३ धावा या गतीने ती पंचेचाळीसची सरासरी झाली. राखीवमधलं जे कार्ड तो आत घ्यायला निघाला होता ते ७ पडलं की बाद होतं. ७ छत्तीसात सहा वेळा येतो. सहात एक, म्हणजे छत्तीस चेंडू, म्हणजे तीसची सरासरी. पंचेचाळीस आणि तीस यातला फरक क्रिकेट न बघणाऱ्यालाही कळेल.

पण मग पहिल्या तीन फेकींत बाद व्हायची शक्यता काढा. चांगलं कार्ड दहा डावांत साधारण तीनदा लवकर बाद होतं. साधारण कार्ड साधारण चारदा. दहा डावांत फक्त एकाचा फरक! मी स्वतः हे दोनदा मांडून बघितलं, कारण माझाच विश्वास बसेना. आणि चांगलं कार्ड सलग दोन डावांत लवकर बाद होण्याची शक्यता अकरात एक. आता सहा संघांत मिळून अशी बारा चांगली कार्डं असतील, तर त्यातल्या एकाचे सुरुवातीचे दोन्ही डाव वाया जाणार हे धरूनच चालायचं. या वेळी तो वाटा स्मृतीच्या वाट्याला आला. कार्डावरचे आकडे होते तसेच आहेत, शाईसुद्धा पुसट झालेली नाही.

नातवाने सगळं ऐकलं, मान डोलावली, आणि स्मृतीला बसवलं. साधारण कार्डाने त्या सामन्यात अडतीस धावा केल्या. "बघितलंस?" म्हणून तो दिवसभर माझ्यामागे फिरत होता.

माझ्या सासऱ्यांचं मुलुंडला भांड्यांचं दुकान होतं. श्रावणात एखादा डबा, एखादं तपेलं फळीवरून हललं नाही की नोकर म्हणायचा, परत पाठवू या. सासरे म्हणायचे, एक लग्नसराई जाऊ दे. लग्नसराईत जे खपत नाही तो माल पडून राहणारा, त्याआधी काही ठरवायचं नाही. आणि एकदा ठरलं की मग दयामाया नसायची. भंगाराच्या भावात का होईना, काढून टाकायचे, कारण जागाही पैसे खाते. हा दुसरा भाग लोक विसरतात. लीगमध्ये मी हाच नियम घालून दिला. पहिल्या पाच सामन्यांनंतरच बदल, आणि पूर्ण हंगामात तीनच. नातवाने स्मृतीला बसवलं ते नियमाच्या आधी, तरी तो त्याचा एक बदल धरला. खरं तर पाच सामनेही थोडेच आहेत, पण बारा वर्षांच्या मुलाला दहा सामने धीर धरायला सांगणं म्हणजे त्याला खेळू नको म्हणणं.

कार्डाचं एक बरं असतं. त्याची कुवत त्याच्या तोंडावर लिहिलेली असते. दोन वाईट डावांनंतर शंका आली तर उलटून वाचा, बास. माणसाचं कार्ड कोणालाच दिसत नाही, त्याचं त्यालाही नाही.

मुलांची लीग अर्ध्यात असताना महिलांचा विश्वचषक सुरू होता. आमच्याकडे जेमिमा रॉड्रिग्जची फार चर्चा, कारण ती भांडुपची. मुलुंड, मधे नाहूर, मग भांडुप. तिचं या स्पर्धेत कसं झालं ते बघा. श्रीलंकेविरुद्ध शून्य, पाकिस्तानविरुद्ध ३२, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पुन्हा शून्य, ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३. चार डावांत दोन भोपळे. १९ ऑक्टोबरला इंदूरला इंग्लंडविरुद्ध तिला बाहेर बसवलं आणि रेणुका सिंगला घेतलं. नातू उड्या मारत आला, "आजी, टीम इंडियापण तेच करते!"

मी त्याला म्हटलं, जरा नीट बघ. फलंदाजाच्या जागी गोलंदाज आली आहे. संघाला सहावी गोलंदाज हवी होती आणि त्यासाठी कोणाला तरी जागा सोडावी लागली. तिचे दोन भोपळे नसते तर कदाचित दुसऱ्या कोणाची जागा गेली असती हे खरं, पण हा हिशेब नुसत्या पनवतीचा नव्हता. तो सामना आपण चार धावांनी हरलो.

पुढचं तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, तरी लिहिते, लिहायलाही बरं वाटतं. दिवाळीत निर्वाणलाडू चढवून झाले, पाहुणे येऊन गेले, आणि २३ तारखेला नवी मुंबईत न्यूझीलंडविरुद्ध ती परत आली, तेही तिसऱ्या क्रमांकावर. नाबाद ७६. मग ३० ऑक्टोबरची उपांत्य फेरी. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा, समोर ३३९चं लक्ष्य, आणि जेमिमा नाबाद १२७. हरमनप्रीत ८९. नऊ चेंडू राखून सामना जिंकला. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये इतकी मोठी धावसंख्या त्याआधी कोणी पार केली नव्हती. ८२ वर तिचा झेल सुटला होता, हेही मी वहीत लिहून ठेवलंय. फासा फासाच असतो, तो कधी आपल्या बाजूनेही पडतो. बारानंतर झोपलो त्या रात्री, आणि सकाळी सामायिकाला डोळे उघडेनात.

सामन्यानंतर तिने उघडपणे सांगितलं की या दौऱ्यात ती जवळजवळ रोज रडत होती, मनात सतत भीती होती. आमची नात माझ्या शेजारी बसून ते ऐकत होती. ती चौदा वर्षांची, नववीत. लीगमध्ये तिचा संघ नाही, पण धावफलक तीच लिहिते, अक्षर चांगलं म्हणून. ती काही बोलली नाही. उठून पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

त्याचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिच्या क्लासने तिला पहिल्या बॅचमधून दुसऱ्या बॅचमध्ये टाकलं होतं. नियम असा, की गणिताच्या सलग दोन चाचण्यांत चाळीसपैकी चोवीसच्या खाली गुण आले की बॅच बदलते. तिला बावीस आणि एकवीस पडले. यादी फोनवरच्या ग्रुपमध्ये आली, म्हणजे बिल्डिंगमधल्या चार आयांनी ती आमच्याआधी वाचली. मुलगा म्हणाला, क्लासच बदलू. सून म्हणाली, फोन काढून घेऊ. दोघेही आपापल्या परीने कार्डच बदलत होते.

मी दोघांनाही आठवडाभर थांबायला सांगितलं आणि तिच्या सगळ्या उत्तरपत्रिका मागून घेतल्या. सहा चाचण्या होत्या. लीगच्या वहीत मागच्या बाजूला दोन रकाने आखले. बीजगणित, वीसपैकी: १३, १७, १२, १८, ११, १२. वरखाली, वरखाली. यात मला फासेच दिसले. एका दिवशी झोप झाली नसेल, एका दिवशी आलेलं प्रकरण विचारलं असेल. यावरून मुलगी घसरली असं मी तरी म्हणणार नाही.

मग भूमितीचा रकाना भरला. १७, १६, १४, १३, ११, ९.

इथे माझा हात थांबला. सहा वेगवेगळे आकडे ७२० प्रकारे मांडता येतात, सहा गुणिले पाच गुणिले चार असं खाली करत गेलं की मिळतात. त्यातला एकच प्रकार सलग उतरता असतो. नुसत्या योगायोगाने असं व्हायची शक्यता ७२०त एक. क्लासने तिला काढलं ते दोन बेरजांवरून, आणि ते कारण माझ्या मते कच्चंच होतं. तरीही आत काहीतरी खरोखर बिघडलं होतं, आणि ते दोन महिन्यांपासून बिघडत होतं. लाडक्या नातीच्या बाबतीत "दोन चाचण्यांनी काय होतंय" असं म्हणून तिला जवळ घ्यायची माझी पूर्ण तयारी होती. रकान्याने ते म्हणू दिलं नाही.

तिला वही दाखवली. आधी बीजगणिताचा रकाना दाखवला आणि सांगितलं, याच्याबद्दल तुला कोणी बोललं तर माझ्याकडे पाठव. मग भूमितीचा. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आजी, सिद्धता लिहायला लागली तेव्हापासून मला काही कळतच नाही. उत्तर दिसतं, पण का ते लिहिता येत नाही." पहिल्या चाचणीत व्याख्या आणि रेघा होत्या. समांतर रेषा आणि त्रिकोण आले, कारणं लिहायची वेळ आली, आणि तिथून उतार लागला.

तिची पुस्तकं इंग्रजी, माझी भूमिती सांगलीची. ती एस-ए-एस म्हणते, मी बाकोबा म्हणते. बाबाबा कसोटी ऐकून ती इतकी हसली की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. पण रोज दुपारी जेवणाच्या टेबलावर एक सिद्धता, डावीकडे विधान, उजवीकडे कारण, असं आम्ही सुरू केलं. रोजमेळासारखंच आहे ते. डावीकडची एकही नोंद उजवीकडच्या पावतीशिवाय ठेवायची नाही. हे तिला एकदम पटलं.

क्लास बदलला नाही, फोनही तिच्याकडेच आहे, संध्याकाळी साडेआठपर्यंत. ती दुसऱ्याच बॅचमध्ये आहे. तिथल्या बाई मुलांना फळ्यावर उभं करून सिद्धता लिहायला लावतात, ते तिला आवडतं. पहिल्या बॅचमध्ये एवढा वेळ कोणाकडे नव्हता. म्हणजे बदल चुकीच्या कारणासाठी झाला, पण जागा बरी निघाली. असंही होतं.

अंतिम सामन्याचंही बघा ना. प्रतिका रावल स्पर्धेत ३०८ धावा करून बसलेली, तिची काहीच चूक नाही. बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना पाय मुरगळला आणि ती बाहेर. तिच्या जागी मूळ पंधरांत नसलेली शेफाली वर्मा आली. उपांत्य फेरीत तिने दहा धावा केल्या. आमच्या मुलांच्या नियमाने ती लगेच पनवती ठरली असती. २ नोव्हेंबरला तिने ७८ चेंडूंत ८७ काढल्या आणि वर दोन बळी घेतले. आपण ५२ धावांनी जिंकलो. प्रतिका चाकाच्या खुर्चीत बसून मैदानात आली होती. आमच्या दिवाणखान्यात सगळे शेफालीच्या नावाने ओरडत होते, आणि नात प्रतिकाकडे बोट दाखवून म्हणाली, "तिचं कार्ड तर चांगलंच होतं." मी म्हटलं, हो, चांगलंच होतं.

गेल्या दोन चाचण्यांत भूमितीला तिला दहा आणि बारा पडले. मुलगा खूश आहे, पेढे आणतो म्हणाला. मी वहीत आकडे लिहून ठेवलेत, त्यापुढे काही लिहिलेलं नाही. दोनच चाचण्या आहेत.

लीगचे चार सामने उरलेत, ते सहामाहीचे निकाल लागल्यावर होतील. नातवाकडे एक अदलाबदल शिल्लक आहे आणि स्मृती अजून राखीवमध्ये बसली आहे. रोज संध्याकाळी तो ते कार्ड काढतो, मागून पुढून बघतो आणि परत पेटीत ठेवतो. बेसन आणून ठेवलंय.